७८ वर्षांच्या आजी, फेनिटॉइनची पातळी 'नॉर्मल', तरी तोल जातोय. कुठे बघायचं?

जनरल_प्रॅक्टिस

रुग्ण स्त्री, वय ७८, वजन ४८ किलो. ६ वर्षांपूर्वी पक्षाघात, त्यानंतर फिट येऊ लागल्या. तेव्हापासून फेनिटॉइन सोडियम ३०० मिग्रॅ, रात्री एकदम. शेवटची फिट ४ वर्षांपूर्वी. बाकी औषधं: अ‍ॅम्लोडिपिन ५, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, अ‍ॅस्पिरिन ७५.

गेल्या ३ आठवड्यांत दोनदा पडल्या. चालताना पाय फाकवून, भिंत धरून चालतात. दुपारभर झापड असते, बोलणं जड झालंय, संध्याकाळी अधूनमधून असंबद्ध बोलतात. जेवण अगदी कमी. घरचे 'वय झालं' म्हणून गप्प. मधे कोणीतरी चक्कर समजून सिनारिझिन दिलंय, फरक शून्य.

रिपोर्ट: फेनिटॉइन १४.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली (प्रयोगशाळेची मर्यादा १० ते २०), सोडियम १३२, क्रिएटिनिन १.१, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.४, साखर आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) ठीक, हिमोग्लोबिन १०.२. सीटीत जुना इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग), नवीन काही नाही, रक्तस्राव नाही.

पातळी बरोबर मधोमध आहे, मग फेनिटॉइनला यातून वगळायचं का? आणि बदलायचंच झालं तर लेव्हेटिरासिटॅम (फिटचंच दुसरं औषध) ५०० दोनदा सुरू करून १००० दोनदा न्यायचा विचार आहे. फेनिटॉइन त्याच दिवशी बंद करावं का?

---

मेंदू_मज्जा

वगळू नका. सगळ्यात आधी अल्ब्युमिनकडे बघा.

फेनिटॉइनचा साधारण ९० टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटलेला असतो. मेंदूवर काम करतो तो उरलेला मोकळा भाग. प्रयोगशाळा मोजते ते एकूण. अल्ब्युमिन घटलं की चिकटायला जागा कमी, मोकळा भाग जास्त, आणि एकूण आकडा मात्र सभ्य दिसतो. दुरुस्तीचं सूत्र असं: मोजलेली पातळी भागिले (०.२ × अल्ब्युमिन + ०.१). आजींच्या बाबतीत ०.२ × २.४ = ०.४८, त्यात ०.१ मिळवले की ०.५८. १४.५ भागिले ०.५८ म्हणजे २५. तुमचा 'नॉर्मल' रिपोर्ट हा आहे. मूत्रपिंड अगदी निकामी असेल (क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, १० च्या खाली) तर कंसात ०.२ च्या जागी ०.१ घ्यायचे, कारण तिथे चिकटण्याची प्रक्रियाच बिघडलेली असते.

सूत्र हा अंदाजच. म्हाताऱ्या, आजारी माणसात ते चुकतंही. मोकळ्या फेनिटॉइनची तपासणी होत असेल तर तीच करा, मर्यादा १ ते २. होत नसेल तर सूत्र आणि तुमचे डोळे यांवर निर्णय घ्या. रुग्ण कागदाशी जुळत नसेल तर कागद बाजूला.

डोळ्यांचंच सांगतो. बोट चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरून सावकाश एका बाजूला न्या, साधारण ३० अंशांवर थांबा आणि ५ सेकंद तिथेच ठेवा. अगदी कोपऱ्यापर्यंत नेऊ नका, तिथे धडधाकट माणसाचेही डोळे दोन-चार झटके देतात. ढोबळ पायऱ्या अशा: दुरुस्त पातळी २० च्या पुढे गेली की डोळे लटपटतात, ३० च्या पुढे तोल जातो, ४० च्या पुढे गुंगी आणि भ्रम. वयस्करांत या पायऱ्या खाली सरकतात. २०-२५ लाच पडायला लागतात, कधी डोळ्यांत काही दिसायच्या आतच. मेंदूत आधीचा इन्फार्क्ट असेल तर आणखी लवकर.

दोन गोष्टी मात्र डोक्यातून काढू नका. एक, डोळे लटपटणं, तोल जाणं आणि भ्रम हे त्रिकूट थायमिनच्या (बी१ जीवनसत्त्वाच्या) कमतरतेतही तंतोतंत असंच दिसतं, आणि आजी नीट जेवत नाहीयेत. संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता थायमिन ५०० मिग्रॅ १०० मिली सलाइनमधून अर्ध्या तासात शिरेतून, दिवसातून ३ वेळा, निदान २-३ दिवस. ग्लुकोज लावायचं असेल तर थायमिन आधी. दोन, सीटी दुसऱ्यांदा पडण्याआधीचा असेल तर पुन्हा करा. कवटीखालचं सावकाश साचणारं रक्त पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, त्यात अ‍ॅस्पिरिन चालू आहे.

सिनारिझिन आजच बंद करा. फेनिटॉइनच्या चक्करेवर त्याचा उपयोग नाही, आणि वयस्करांत ते स्वतःच कंपवातासारखा ताठरपणा आणतं. महिन्याभराने 'आता पार्किन्सन झाला' म्हणून तिसरी गोळी सुरू होते. फ्लुनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिनचंही तेच.

३ आठवड्यांपूर्वी काय बदललं? ६ वर्षं चालणारा डोस अचानक जड होत नाही. कोणतंही नवीन औषध, मलम सोडून, विचारा.

---

जनरल_प्रॅक्टिस

डोळे दोन्ही बाजूंना लटपटतात, उजवीकडे जास्त. टाच-पंजा रेषेत एक पाऊलही जमत नाही. हात पसरून धरले तर झडप (मनगट अचानक खाली पडणं) नाही, बारीक कंपही नाही. उभं राहिल्यावर रक्तदाब १३२ वरून १२४, म्हणजे विशेष पडत नाही. सीटी दुसऱ्यांदा पडल्यानंतरचाच आहे. थायमिन सुरू केलं.

आणि नवीन औषध सापडलं. मांडीवरच्या बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ रोज, ४ आठवड्यांपासून. घरच्यांनी 'ते कातडीचं आहे' म्हणून सांगितलं नव्हतं.

---

औषधमात्रा

झालं तर मग. फेनिटॉइन यकृतात मुख्यतः सीवायपी २सी९ या विकरामुळे मोडतं, फ्लुकोनॅझोल नेमकं तेच दाबतं. याच यादीत अमिओडॅरोन, आयसोनियाझिड, को-ट्रायमॉक्सॅझोल, फ्लुऑक्सेटिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिमेटिडिन येतात. रिफॅम्पिसिन उलटं, पातळी पाडतं. त्यामुळे क्षयाच्या उपचारात आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन एकत्र असतील तर कोण कोणावर मात करेल हे पातळी मोजूनच ठरतं.

फेनिटॉइन इतकं चटकन का बिघडतं याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. बहुतेक औषधांचा डोस दुप्पट केला की पातळी दुप्पट होते. फेनिटॉइनला मोडणारी यंत्रणा उपचाराच्या पातळीवरच तुडुंब भरते. सरासरी आकडे धरू: शरीर दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त ७ मिग्रॅ मोडू शकतं, आणि त्याच्या निम्मा वेग पातळी ४ असताना येतो. ४८ किलोला कमाल ३३६ मिग्रॅ. फेनिटॉइन सोडियमच्या १०० मिग्रॅमध्ये प्रत्यक्ष फेनिटॉइन ९२. आता, अल्ब्युमिन ठीक आहे असं धरून:

रोज २०० दिले तर स्थिर पातळी साधारण ५.
२५० दिले तर ९.
३०० दिले तर १८.
३५० दिले तर कागदावर ९० च्या वर. प्रत्यक्षात तिथे पोचायच्या आत रुग्ण अंथरुणाला खिळतो.

५० मिग्रॅच्या एका टप्प्याने पातळी दुप्पट. म्हणून ३०० च्या पुढे वाढवायचंच झालं तर २५-३० मिग्रॅने, तेही २-३ आठवडे थांबून. वयाबरोबर कमाल वेग आणखी थोडा घटतो. आजींचा ३०० हा डोस आधीपासूनच कड्यावर होता, फ्लुकोनॅझोलने मोडण्याचा वेग जरासा घटवला आणि खाणं कमी झाल्याने अल्ब्युमिन उतरलं. दोन्ही एकाच महिन्यात.

उतरतानाही हाच त्रास. यंत्रणा भरलेली असल्यामुळे रोज ठरावीक तेवढंच मोडतं, 'अर्ध-आयुष्य' इतके तास असं म्हणताच येत नाही. फ्लुकोनॅझोलचं स्वतःचं अर्ध-आयुष्य ३० तासांच्या आसपास, मूत्रपिंड मंद असेल तर जास्त. म्हणजे आज बंद केलं तरी आठवडाभर त्याचा दाब राहतो. बुरशीवर त्वचेवर लावायचं औषध पुरेल का ते बघा.

फेनिटॉइनवर उतारा नाही. डायलिसिसचा उपयोग जेमतेम, कारण ते प्रथिनांना चिकटलेलं असतं. डोस थांबवणं, पाण्याचं प्रमाण राखणं, पडू न देणं, एवढंच. आणि एक धोक्याची सूचना: फेनिटॉइन फार चढलं की फिट वाढू शकतात. अशा वेळी 'फिट आली, म्हणून फेनिटॉइनचं इंजेक्शन' हा उलटा उपाय होतो. चढलेल्या पातळीत फिट आली तर लोराझेपाम किंवा मिडाझोलाम वापरा, फेनिटॉइन नको.

---

मेंदू_मज्जा

आता बदलाचं. १००० दोनदा हा डोस या आजींसाठी चुकीचा आहे. लेव्हेटिरासिटॅम मूत्रपिंडातून जातं आणि क्रिएटिनिन १.१ हा आकडा फसवा आहे. हडकुळ्या वृद्ध स्त्रीच्या स्नायूंतून क्रिएटिनिन तयारच कमी होतं. क्लिअरन्स काढा: (१४० − ७८) × ४८ = २९७६, भागिले (७२ × १.१ = ७९.२) = ३७.६, स्त्री म्हणून गुणिले ०.८५. उत्तर ३२ मिली प्रति मिनिट.

३० ते ५० च्या गटात लेव्हेटिरासिटॅम २५० ते ७५० दोनदा. ३० च्या खाली २५० ते ५००. या दोन गटांच्या सीमेवर असलेल्या माणसाला १००० दोनदा दिलं की दिवसभर झोप आणि चिडचिड, आणि आपण म्हणणार फेनिटॉइन अजून उतरलं नाही.

मी असं करेन. आज फ्लुकोनॅझोल बंद, आज रात्रीचं फेनिटॉइन बंद. लेव्हेटिरासिटॅम २५० दोनदा आजच सुरू, कारण फेनिटॉइन अजून भरपूर आहे आणि संरक्षण त्याचंच मिळतंय. त्यामुळे घाई करून मोठा डोस देण्याचं कारण नाही. ४८ तासांनी फेनिटॉइन आणि अल्ब्युमिन पुन्हा. दुरुस्त पातळी २० च्या खाली आली की फेनिटॉइन २०० वर पुन्हा सुरू. आठवड्याने लेव्हेटिरासिटॅम ५०० दोनदा. तो डोस आठवडाभर सहन झाला की फेनिटॉइन दर १-२ आठवड्यांनी ५० मिग्रॅने उतरवत बंद. ६ वर्षं घेतलेलं औषध कायमचं एकदम तोडायचं नाही. विषबाधेत दोन-तीन दिवस रोखणं वेगळं, सोडून देणं वेगळं.

लेव्हेटिरासिटॅम सुरू करण्याआधी घरच्यांना विचारा: पूर्वी नैराश्य, आक्रमकपणा, भास? असेल तर लॅमोट्रिजिनकडे वळा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन व्हेटरन्स अफेअर्सच्या चाचणीत ६० वर्षांवरचे ५९३ रुग्ण होते. त्यात लॅमोट्रिजिन आणि गाबापेन्टिन दोन्ही कार्बामाझेपिनपेक्षा जास्त सोसले. लॅमोट्रिजिनची अडचण म्हणजे ते आठवड्या-आठवड्याने चढवावं लागतं, नाहीतर पुरळ. शिवाय हृदयातील वहनाचा दोष असेल तर ईसीजी बघून. लॅकोसामाइडही चांगलं, पण ईसीजीतलं पीआर अंतर वाढवतं, आणि फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनवर चढवलं तर दोन्हींची पातळी नॉर्मल असूनही चक्कर आणि दुहेरी दिसणं सुरू होतं. दोघे एकाच सोडियम वाहिनीवर काम करतात, तिथे रक्ततपासणी काय सांगणार.

अजून एक गोष्ट, जी महिन्याभराने उपटते. फेनिटॉइन यकृताला इतर औषधं भराभर मोडायला लावतं. ते गेलं की २-३ आठवड्यांत हा वेग ओसरतो आणि अ‍ॅम्लोडिपिनची पातळी वर जाते. पाय सुजतात, उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो, आजी पुन्हा पडतात आणि दोष लेव्हेटिरासिटॅमला जातो. तिसऱ्या आठवड्यात उभं करून रक्तदाब घ्याच. सोडियम १३२ आहे, थायझाइड तसाही काढण्याजोगा. कोणी वॉरफरिनवर असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याचा आकडा) चढतो. अ‍ॅपिक्साबान किंवा रिव्हारोक्साबानवर असेल तर गोष्ट उलटी: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन चालू असेपर्यंत रक्त पातळ करणारं औषध अपुरं पडतं आणि पक्षाघात होऊ शकतो.

---

वॉर्ड_ताई

पातळीचा नमुना पुढच्या डोसच्या आधी घ्या आणि कागदावर शेवटच्या डोसची वेळ लिहा. गोळी घेतल्यानंतर तीन तासांनी घेतलेलं रक्त आणि सकाळचं रक्त यांची तुलना होत नाही.

पातळ औषधावर असलेल्यांसाठी: फेनिटॉइनचं सस्पेन्शन तळाशी बसतं. बाटली न हलवता ओतली तर पहिले काही दिवस वरचं फिकं पाणी पोटात जातं आणि फिट येते, मग बाटली संपत आली की तळाचा दाट गाळ जातो आणि रुग्ण झोपून राहतो. बाटली बदलण्याच्या तारखेशी लक्षणं जुळवून बघा. दोन तीव्रतांच्या बाटल्या असतात, ५ मिलीत ३० मिग्रॅ आणि ५ मिलीत १२५ मिग्रॅ. 'दोन चमचे' हा डोस नव्हे. मिग्रॅ विचारा, मिली विचारा, सिरिंजने मोजा. कॅप्सूलवरून सस्पेन्शनवर नेताना आकडा तोच ठेवला तर प्रत्यक्ष औषध ८ टक्क्यांनी वाढतं. वर औषधमात्रा यांनी दिलेला हिशेब बघितला तर हे ८ टक्के किती महाग पडतात ते कळेल.

नाकातल्या नळीतून देताना आहार १ ते २ तास आधी आणि नंतर थांबवा, नळी पाण्याने धुवा. आहार चालू असताना दिलं तर शोषण घटतं, डॉक्टर डोस वाढवतात, आणि नळी काढून तोंडाने जेवण सुरू झालं की तोच डोस अंगावर येतो.

घरच्यांकडून रोज चार गोष्टी लिहून घ्या: गोळीची वेळ, झापड कधी आली, पडले का, काय नवीन औषध मिळालं. झापड गोळीनंतर तासा-दोन तासांत येऊन ओसरत असेल तर ती शिखर पातळीची. दिवसभर सारखी असेल तर साठलेल्या औषधाची.

---

चौकस

याच धाग्यात विचारतो. ७२ वर्षांचे गृहस्थ, फिटसाठी सोडियम व्हॅल्प्रोएट ५०० दोनदा, ३ वर्षं. वर्षभरात हात कापू लागले, हालचाल मंद, विसराळूपणा. पार्किन्सन म्हणून लेव्होडोपा ३ महिने दिलं, काही फरक नाही. व्हॅल्प्रोएट ५८, यकृत ठीक. हे औषधामुळे असू शकतं का? इतक्या उशिरा?

---

वार्धक्यवैद्य

असू शकतं, आणि उशिरा येणं हेच त्याचं वैशिष्ट्य. व्हॅल्प्रोएट दोन प्रकारे हात कापवतं. एक म्हणजे हात पसरल्यावर, कप धरल्यावर दिसणारा बारीक कंप. तो डोसशी बांधलेला असतो, डोस कमी केला किंवा सावकाश विरघळणारी गोळी दिली की कमी होतो. दुसरा प्रकार कंपवातासारखा: ताठरपणा, मंदपणा, पाय ओढत चालणं, सोबत स्मरणशक्ती घसरणं. हा महिन्यांनी, वर्षांनीही येतो, पातळी ५० ते १०० च्या आत असतानाही येतो. डोपामिन वाहकाचं स्कॅन केलं तर बहुधा नॉर्मल निघतं. लेव्होडोपाला प्रतिसाद नाही, दोन्ही बाजू सारख्याच बाधित, हे औषधाकडे बोट दाखवतात. काहींत मात्र खरा पार्किन्सन आधीच दबा धरून असतो आणि व्हॅल्प्रोएट तो उघडा पाडतं. औषध काढल्यावर सुधारायला आठवडे ते महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून निदान खोडून काढू नका.

लेव्होडोपा उतरवा. ट्रायहेक्सिफेनिडिलचा विचारही नको, या वयात भ्रम आणि लघवी अडकणं ठरलेलं.

झापड किंवा भ्रम असेल तर अमोनिया बघा. यकृताचे आकडे चोख असतानाही व्हॅल्प्रोएट अमोनिया चढवतं, टोपिरामेट सोबत असेल तर जास्तच. पसरलेले हात मनगटातून झडप घालतात, ईईजी मंदावतो. नमुना नीट घ्या: दंडाला पट्टा करकचून बांधायचा नाही, मूठ आवळायला लावायचं नाही, ईडीटीए नळी लगेच बर्फात, १५ मिनिटांत प्रयोगशाळेत. टेबलावर अर्धा-पाऊण तास पडलेल्या नळीत अमोनिया आपोआप वाढतो. उलट, लक्षणं काहीच नसताना थोडा चढलेला आकडा व्हॅल्प्रोएटवर नेहमी सापडतो, त्यावर उपचार करू नये. लक्षणं असतील तर व्हॅल्प्रोएट बंद आणि लेव्होकार्निटिन.

लॅमोट्रिजिनवर नेणार असाल तर लक्षात ठेवा, व्हॅल्प्रोएट त्याचा निचरा निम्म्यावर आणतं. म्हणून सुरुवात २५ मिग्रॅ दिवसाआड, २ आठवडे, मग २५ रोज २ आठवडे. पुढे व्हॅल्प्रोएट पूर्ण सुटलं की लॅमोट्रिजिनची पातळी आपसूक घसरते, तेव्हा डोस वाढवावा लागतो. आणि या काळात न्यूमोनिया झाला तर मेरोपेनेम टाळा, त्याने व्हॅल्प्रोएट एका दिवसात कोसळतं.

विषय निघालाच आहे तर कार्बामाझेपिन, हेही फिटचं औषध. तिथेही नॉर्मल आकडा फसवतो. त्याचा इपॉक्साइड नावाचा अवशेष विषारी असतो, व्हॅल्प्रोएट सोबत दिलं की तो साठतो आणि प्रयोगशाळेला दिसत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम यांनी खुद्द कार्बामाझेपिनची पातळीच दोन-तीन दिवसांत वर जाते: दुहेरी दिसणं, ओकारी, तोल जाणं. छातीच्या संसर्गाला अ‍ॅझिथ्रोमायसिन घ्या. रक्तातलं सोडियम तपासा: कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी, २ आठवड्यांनी, ४ आठवड्यांनी आणि डोस वाढवल्यावर. ऑक्सकार्बाझेपिनमध्ये सोडियम आणखी घसरतं, थायझाइड किंवा एसएसआरआय (नैराश्याची औषधं) सोबत असेल तर वयस्करांत नकोच. १२५ च्या खाली गेलेलं सोडियम स्वतःच फिट आणतं, आणि त्या फिटसाठी डोस वाढवला की ते अजून खाली. घसरलेलं सोडियम चढवताना २४ तासांत ८ पेक्षा जास्त नाही.

गाबापेन्टिन, प्रेगाबालिन लोक निरुपद्रवी समजून पायाच्या जळजळीला लिहितात. क्लिअरन्स ३० ते ६० असेल तर प्रेगाबालिन निम्मं. साठलं तर अंगाला अचानक हिसके बसतात, हात झडप घालतात, आणि ते फिट समजून आणखी एक औषध सुरू होतं.

---

जनरल_प्रॅक्टिस

४ दिवस फेनिटॉइन बंद. एकूण ९.९, अल्ब्युमिन २.४ च. दुरुस्त १७. झापड गेली, असंबद्ध बोलणं नाही, थोडं जेवतायत. डोळे अजून उजवीकडे लटपटतात, चालणं सुधारलं पण हात धरावा लागतो. लेव्हेटिरासिटॅम २५० दोनदा सोसतंय. आज रात्रीपासून फेनिटॉइन २०० सुरू करतोय. चालणं इतकं मागे का?

---

मेंदू_मज्जा

लहान मेंदू सगळ्यात शेवटी सावरतो, दिवसांऐवजी आठवडे धरा. वर्षानुवर्षं घेतलेल्या फेनिटॉइनमध्ये लहान मेंदू आकसलेला असू शकतो, सीटीत पुन्हा तेवढ्यासाठी बघा. तसं असेल तर तोल पूर्ण परतणार नाही, काठी आणि व्यायाम आत्ताच सुरू करा. पायांतल्या संवेदनाही तपासा, दीर्घकाळच्या फेनिटॉइनने नसा झिजतात. बी१२ आणि ड जीवनसत्त्व पाठवा.

---

औषधमात्रा

एकच गोष्ट सांभाळा. फ्लुकोनॅझोलचा दाब आता ओसरतोय आणि डोस २०० वर आणलाय. दोन्ही पातळी खालीच ढकलतात. वरच्या हिशेबाने ती आठवड्या-दोन आठवड्यांत दुरुस्त ५ च्या आसपास जाईल, म्हणजे फेनिटॉइनचं संरक्षण जवळपास संपलेलं. लेव्हेटिरासिटॅम ५०० दोनदा त्याच्या आत पोचलेलं हवं, म्हणून ती वाढ सातव्या दिवशी करून टाका, पुढे ढकलू नका. आणि क्रिएटिनिन त्याच दिवशी. उलट्या-जुलाब झाले तर ते पुन्हा, डोसही पुन्हा तपासा.